चालून दाखव

आमच्या घरात ‘लंगडी’ हा शब्द वर्ज्य होता. मुलं खेळतात ती लंगडीसुद्धा आमच्याकडे ‘एकपायी’ होती. इकडे उत्तरेत, ब्रह्मा घाटाच्या गल्लीत कुणा पोराच्या तोंडून तो शब्द निघालाच, तर आई वरच्या खिडकीतून अशी काही बघायची की ते पोरगं हातातला मांजा टाकून पळायचं. माझा डावा पाय मी दुसऱ्या वर्षी तापात गमावला. गमावला म्हणजे आहे अजून, जागच्या जागी आहे, पण उजव्यापेक्षा आखूड आणि मनगटाएवढा बारीक. आई त्याला ‘वत्सूचा नाजूक पाय’ म्हणायची. नाजूक! राजकन्येचा असावा तसा. अण्णा काहीच म्हणत नसत. माझे वडील खालच्या मोठ्या खोलीत मुलांना वेद शिकवायचे. ते एकदा म्हणायचे, मुलं मागून दोनदा म्हणायची, आणि हे सकाळपासून जेवणापर्यंत आणि जेवणानंतर पुन्हा चालायचं. ही संथा मध्येच तोडायची नाही हा त्यांचा नेम. एकदा गल्लीतला एक सांड अर्धा आत शिरून उभा राहिला, तर मुलांचे डोळे पांढरे झाले, पण अण्णांनी मान वर केली नाही. शेवटी आई लाटणं आणि कोबीची पानं घेऊन खाली आली, तेव्हा तो गेला. ‘ऐकून शहाणा झाला आणि गेला,’ असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची. आजोबा गेल्याची तार आली तीही तशीच उंबऱ्यावर पडून राहिली, अध्याय संपेपर्यंत.

माझं चालणं मात्र या संथेवरच बसवलं गेलं. ही आईची अक्कल. मी पंधरा-सोळाची झाले तशी तिच्या मनात एकच घोर सुरू झाला, आता मुलगी दाखवायची कशी? दाखवायची तर बसवता येते, पण बसवलेल्या मुलीला लोक कधी ना कधी उठवतातच. मग दुपारी, खाली मुलांचा आवाज घुमायला लागला की ती मला छतावर न्यायची. छतावर पापड वाळत असायचे, शेजारच्या मुंडेरीवर, म्हणजे कठड्यावर, माकडं त्या पापडांवर डोळा ठेवून बसलेली असायची, आणि मधल्या पट्टीत मी चालायची. डाव्या पायाचा फक्त चवडा टेकवायचा, टाच अधांतरी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या. मांडीत जोर नाही, गुडघा दगा देतो, म्हणून डाव्या हाताने तो दाबायचा, पण दाबताना निऱ्या सावरल्यासारखं करायचं. ‘कुणीही म्हणेल, मुलगी किती नीटस आहे,’ असं आई म्हणायची. आणि पावलं सारखी पडावीत म्हणून ठेका खालून यायचा. अण्णांच्या आवाजावर उजवा, मुलांच्या आवाजावर डावा, पुन्हा डावा नाही, उजवा, मूर्खे! मी एकदा म्हटलं, ‘आई, बायकांना वेद वर्ज्य ना गं?’ तर म्हणाली, ‘म्हणायला वर्ज्य आहेत. चालायला कुठे वर्ज्य आहेत?’ मांडी भरून यायची, पोटरीत गोळे यायचे. मग ती मला खाली बसवून तिळाचं तेल चोळायची, तोंडाने काहीतरी पुटपुटत, आणि तिच्या डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत व्हायची नाही. त्या तेलाचा वास आजही नाकात आला की माझी चाल आपोआप सुधारते. पायाला सवय लागली की ती डोक्याला विचारत नाही.

ग्वाल्हेरची मंडळी मला बघायला आली तेव्हा सगळं जमून आलं होतं. आईने केळ्याचं शिकरण आणि मटारची कचोरी केली होती, अर्धं तिकडचं, अर्धं इकडचं, आमच्या बोलण्यासारखंच. मला आधीच चटईवर बसवून ठेवलेलं. पण मुलाची आत्या पक्की होती. कचोरी तोंडात घालता घालता म्हणाली, ‘मुली, तो देव्हारा किती सुरेख आहे गं तुमचा. जरा निरांजन लावून ये बघू.’ म्हणजे काय, तर चालून दाखव. मी उठले. खाली मुलांची संथा चालूच होती. मी त्या ठेक्यावर देव्हाऱ्यापर्यंत गेले, निरांजन लावलं, परत आले, निऱ्या सावरत. आत्याबाई खूश. पसंती आली, आईने साखर वाटली, आणि पंधरवड्यात पसंती परतही गेली, कारण आमच्याच गल्लीतल्या कुणीतरी तिकडे खरं कळवलं. आई दोन दिवस जेवली नाही. मला मात्र रडू आलं नाही, संताप आला. नकाराचा नाही. चोरीचा माल विकायला काढावा तसं मला चटईवर मांडलं होतं, त्याचा. मी छतावर जाऊन सगळे पापड माकडांना घातले. आईने काही म्हटलं नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर मला घरात बसवेना. रात्रंदिवस काहीतरी आत पळत असायचं. माझ्यासारख्या बाईचा पाय पळू शकत नाही म्हणून मनच दुप्पट पळतं की काय, कोण जाणे. मी बी.ए. झालेली होते. बालाजी घाटाजवळ मिश्रजींची टाइपिंगची शिकवणी होती, तिथे जायला लागले. एका अरुंद खोलीत यंत्रं ओळीने मांडलेली, आणि सगळी एकदम सुरू झाली की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. मला तो आवाज फार आवडायचा, कारण त्याला ठेका नव्हता. हिंदी टाइपिंगमध्ये माझा हात कुणाला ऐकत नसे. एके दिवशी मिश्रजींनी अखबार माझ्यापुढे टाकला. एका सरकारी कचेरीत टाइपिस्ट हवे होते, आणि त्यातली एक जागा विकलांगांसाठी राखीव. ‘बिटिया, ये तो तुम्हारी है,’ ते म्हणाले. ‘बस, बोर्ड से सर्टिफ़िकेट बनवा लो. चालीस परसेंट चाहिए.’ माझं वयही अर्जाच्या काठावर आलं होतं. ही जागा गेली तर पुढची येईतो मी बाद.

घरी सांगितलं तर आगच लागली. अण्णा जेवायला बसले होते. ते आपोष्णी घेता घेता थांबले. ‘विकलांग म्हणून नोकरी?’ ते म्हणाले. ‘अंगात कमी आहे म्हणून सरकारने दिलेला तुकडा?’ माझा तोल गेला. ‘अण्णा, अंगात कमी आहे म्हणून मला लग्न नाही, आणि नोकरीही नको. मग काय, तुमच्यामागे दादाच्या घरी जिन्याखाली बसू?’ दादा माझा मोठा भाऊ, कानपूरला रेल्वेत होता. वहिनी वाईट नव्हती, पण चांगल्या वहिनीच्याही जिन्याखाली मला बसायचं नव्हतं. आई वाढता वाढता थिजली होती. ती एवढंच म्हणाली, ‘कागदावर लिहून घेशील, तर तो कागद जन्मभर राहतो गं. उद्या एखादं स्थळ आलं तर?’ मी म्हटलं, ‘येऊ दे. त्यालाही दाखवीन कागद.’ अण्णा ताटावरून उठले नाहीत, संथेसारखंच जेवणही ते मध्ये सोडत नसत, पण त्यांनी भात नुसता चिवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला भस्म लावून, छत्री घेऊन ते दाराशी उभे. ‘कुठल्या वारी बसतो तो बोर्ड?’ त्यांनी विचारलं.

अंग किती टक्के कमी ते ठरवणारा हा डॉक्टरांचा बोर्ड एका सरकारी इस्पितळाच्या मागच्या इमारतीत बसायचा, आणि गंमत बघा, पहिल्या मजल्यावर. आम्ही सगळी आखूड-लांब, वाकडीतिकडी माणसं रेलिंग धरून वर चढत होतो. कुणी पाठुंगळी, कुणी बसून एक एक पायरी. आईने मला तीच ग्वाल्हेरवाल्यांसमोरची अंजिरी साडी नेसवली होती. ‘बाहेर जातेस, चारचौघांत, नीट दिस,’ असं म्हणून. आणि निघताना कानात सांगितलं होतं, ‘परपुरुष असतील. साडी वर करायची नाही.’ अण्णा बाहेर बाकावर बसले, माझं नाव पुकारलं, आणि मी दारातून आत गेले. तीन डॉक्टर, एक मोठं टेबल, आणि दारापासून टेबलापर्यंत मोकळी जागा. मधले डॉक्टर मान खाली घालून लिहितच होते. ‘चलकर दिखाइए,’ ते म्हणाले.

आणि माझ्या डोक्यात संथा सुरू झाली. मी शपथेवर सांगते, मी सुरू केली नाही. तीन अनोळखी माणसं, ती साडी, ते शब्द, आणि आपोआप अण्णांचा आवाज उजवा, मुलांचा आवाज डावा. चवडा टेकला, हात निऱ्यांवर गेला, आणि मी त्या खोलीत अशी चालले की छतावर जन्मात चालले नव्हते. डॉक्टरांनी वर पाहिलं. ‘अरे वाह! बिटिया, तुम तो बढ़िया चलती हो.’ पाय दाखवायला सांगितला, तर मी घोट्यापर्यंत दाखवला, चार बोटं. बाहेर रांग होती, त्यांना घाई होती. पाय मोजायची फीत टेबलावरच राहिली. कागदावर त्यांनी तीस लिहिलं. मी म्हटलं, ‘साहब, मैं ऐसे नहीं चलती.’ तर हसून म्हणाले, ‘फिर कैसे चलती हो? दोबारा दिखाना हो तो अगले हफ़्ते दरख़्वास्त दे देना.’

बाहेर जिन्याच्या कोपऱ्यात एक माणूस हाताने चालवायच्या तिचाकीपर्यंत उतरायला मदतीची वाट बघत बसला होता. नंदलाल त्याचं नाव. दोन्ही पाय पोलिओत गेलेले, चौकाकडच्या वळणावर त्याचा फोनचा बूथ होता. तेव्हा असे पिवळे बूथ गल्लोगल्ली उघडत होते आणि ते आमच्यासारख्यांना आधी मिळत. त्याने माझा चेहरा पाहिला, कागद पाहिला, मग नखशिखांत मला पाहिलं, केसांतल्या गजऱ्यासकट. आणि असा हसला की पायऱ्यांवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. ‘अरे बहिनजी, ई बोर्ड हौ, बियाह थोड़े हौ! इहाँ सज-धज के अइलू त के मानी?’ नटूनथटून आलीस तर इथे कोण मानेल, म्हणे! मला त्याला मारावंसं वाटलं. मग एकदम हसू आलं, आणि हसता हसता रडू. अण्णा बाकावरून उठून आले. त्यांना काहीच कळेना. त्यांनी आपल्या उपरण्याने माझे डोळे पुसले, भर लोकांत.

घरी आल्यावर आईने आधी पाणी दिलं, मग विचारलं. मी कागद तिच्यापुढे धरला. ‘बघ,’ मी म्हटलं, ‘तुझी शिकवणी पास झाली. तीसच टक्के लंगडी आहे मी.’ तो शब्द आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा उच्चारला गेला. आईच्या हातातून झारा पडला. मी बोलतच सुटले. छत, पापड, ग्वाल्हेरची आत्या, सगळं. ‘तिकडे चांगली चालले म्हणून पसंत, मग खोटी म्हणून नापसंत. इकडे चांगली चालले म्हणून नापास. मी चालू तरी कशी, सांग ना!’ चुलीवरची आमटी करपली, तिचा वास घरभर झाला. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. एका जागी बसेन तर शपथ. घाटाच्या पायऱ्या उतरायची, चढायची, पुन्हा उतरायची. दादा कानपूरहून फोनवर म्हणाला, ‘जाऊ दे गं, ये आमच्याकडे,’ आणि मला ते प्रेमाचे शब्द जिन्याखालच्या अंधारासारखे वाटले. आणि गंमत म्हणजे लंगडायला गेले तर लंगडताही येईना. मुद्दाम केलं की नाटक वाटायचं. माझी स्वतःची चाल कुठली, हेच मला आठवेना.

पुढच्या बोर्डाला अण्णा छत्री घेऊन निघाले तर आई म्हणाली, ‘तुम्ही मुलं बसवा. मी जाते.’ लग्न होऊन सांगलीहून आल्यापासून ती देऊळ, घाट आणि भाजीबाजार यांपलीकडे एकटी गेली नव्हती. मला साधं सुती पातळ नेसवलं, वेणी नुसती घट्ट बांधली. नाव पुकारल्यावर शिपाई तिला अडवायला लागला तर ती त्याच्या हाताखालून सरळ आत. तेच टेबल, डॉक्टर दोन नवे आणि मधले तेच. ‘अरे, आप तो पिछली बार...’ ते म्हणायला लागले. मी उभी होते, आणि माझ्या डोक्यात ठेका सुरू होऊ पाहत होता, तेवढ्यात आई माझ्यापुढे खाली बसली. फरशीवर, मांडी घालून. तिने माझी चप्पल काढली. आणि मग जन्मभर ज्या निऱ्या तिने मला सावरायला शिकवल्या होत्या, त्या दोन्ही हातांनी धरून गुडघ्याच्या वर नेल्या. तीन परपुरुषांसमोर. तो पाय माझ्या मावश्यांनीसुद्धा कधी पाहिला नव्हता.

‘बघा,’ ती म्हणाली, मराठीतच. मग भान येऊन हिंदीत, तिच्या त्या मोडक्या सांगलीच्या हिंदीत, ‘देखो डॉक्टरसाहेब. ठीक से देखो. मैंने छुपाके रखा था. हमने इसको चलना सिखाया, वो चाल झूठी है. मेरी लडकी लंगडी है.’

तिचा आवाज कापला नाही. निऱ्या तिने दोन्ही हातांत तशाच धरून ठेवल्या. मधल्या डॉक्टरांनी लेखणी ठेवली, फीत उचलली आणि टेबलामागून उठून स्वतः खाली बसले. दोन्ही पाय मोजले, मांडी मोजली, गुडघा ढकलून पाहिला. ‘माताजी, आप उठिए,’ ते हळू आवाजात म्हणाले. आई उठली नाही. माझा पाय झाकल्यावरच उठली. कागदावर या वेळी जे लिहिलं ते चाळिसाच्या बरंच वर होतं. जिन्यावरून उतरताना मी तिचा हात धरला, तर तिने सोडवून घेतला आणि म्हणाली, ‘कचौडी खायची का गं?’ आम्ही दोघी भर रस्त्यात उभ्या राहून कचौडी-जिलेबी खाल्ली. तिने उष्ट्या-खरकट्याचा काही विचार केला नाही, आणि तिच्या हनुवटीवरून पाक ओघळत होता.

पण सरकारी दारं एकामागे एक असतात. बोर्डाला तुम्ही पुरेसे मोडलेले दिसायला हवेत, आणि मुलाखतीला पुरेसे धड. कचेरीत मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी माझा कागद पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. ‘इतना परसेंट? फ़ाइलें नीचे से ऊपर लानी पड़ती हैं. चलकर दिखाइए ज़रा.’ पुन्हा तेच! मला हसूच फुटलं. मी उठले, आणि कुठलीच चाल ठरवली नाही. गुडघ्यावर हात दाबून, उघड, डावीकडे झुकत, त्यांच्या कपाटापर्यंत गेले, हाताला आली ती जाडजूड फाइल काखेत मारली आणि त्यांच्या टेबलावर आणून ठेवली. जरा आपटलीच. ‘साहब, मैं ब्रह्मा घाट पर रहती हूँ. वहाँ बिना सीढ़ी के पानी भी नहीं मिलता. चाल यही है. अब टाइप करवाके देखिए.’ त्यांनी यंत्र दिलं. मग मात्र कुणी काही विचारलं नाही.

मी तिथे टिकले, एवढंच म्हणते. आता निवृत्तीला आले. यंत्र गेलं, संगणक आला. माझ्यानंतर राखीव जागा कितीदा निघाल्या आणि ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा बसून रिकाम्या राहिल्या, ते मीच टाइप केलंय. दर वेळी बोटं जड व्हायची. नंदलालचा बूथ मोबाइल आल्यावर बसला. मग त्याने तिथेच मोबाइलची दुरुस्ती सुरू केली, मग तेही थांबलं, आणि आता तो भेटला की म्हणतो, ‘बहिनजी, आप तो सरकार हो गईं.’ मी सरकार वगैरे झाले नाही. महिन्याच्या पगाराला उभी राहिले आणि कुणाच्या जिन्याखाली बसले नाही.

कामावर रुजू व्हायच्या पहिल्या सकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. आईने डब्यात भाकरी आणि वाटाण्याचा निमोना भरून दिला. मी पिशवी खांद्याला अडकवून जिना उतरायला लागले. खाली संथा रंगात आली होती. अण्णा एकदा, मुलं दोनदा. आणि तिसऱ्याच पायरीवर माझा चवडा टेकला, टाच उचलली गेली, हात निऱ्यांकडे निघाला. मी थांबले. पुन्हा पाऊल टाकलं, पुन्हा तेच. मी त्या जिन्यात अडकून उभी राहिले. वर आई दिसत होती. तिला कळलं. तिने खाली वाकून मोठ्याने हाक मारली, ‘अहो! जरा थांबवा मुलांना. वत्सूला जाऊ द्या.’

सांडासाठी जे थांबले नाहीत, स्वतःच्या बापाच्या तारेसाठी थांबले नाहीत, ते अण्णा. त्यांनी कारण विचारलं नाही. वर पाहिलं नाही. नुसता उजवा हात वर केला. मुलं ऋचेच्या मध्यात गप्प झाली. सगळं घर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत मी उरलेला जिना उतरले, मुलांच्या समोरून गेले, उंबरा ओलांडला. एक पाऊल जड, एक हलकं. गल्लीच्या वळणापर्यंत ती पावलं माझी मला ऐकू येत होती. मागे संथा अजून सुरू झाली नव्हती.